शेवटच्याने फाटक लावायचं

तू काम शिकायला आला आहेस, एस्बेन, तेव्हा आधी कामच सांगते. बाकीचं ओघाने येईल. केक आणलास हे बरं केलंस, पण दोन्ही हातांनी धरून आणावा लागेल एवढा मोठा कशाला, ते तुझं तुलाच ठाऊक. ठेव तिथे मेजावर. खिडकीजवळची खुर्ची घे, ही माझी आहे. गुडघ्याखाली उशी असल्याशिवाय मला हल्ली बसवत नाही. नोव्हेंबरात चार वाजले की दिवस आटोपतो, आणि मोठा दिवा मला आता सोसत नाही. मेणबत्तीवरच भागवू.

आपली सहल म्हणजे काही शर्यत नव्हे. लोक वर्षभर कचेरीत बसून पाठ वाकवतात आणि मग सुट्टी काढून आपल्याकडे येतात, रमतगमत सायकल चालवायला. थोडं किनाऱ्याच्या बांधावरून जायचं, मग एखाद्या बेटावर, संध्याकाळी खाणावळीत गरम सूप आणि राय धान्याची काळी भाकरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बॅगा गाडीतून पुढे जातात. सगळ्यांच्या पुढे प्रेबेन, माझ्या बहिणीचा नवरा. कंपनी त्याची. कंपनी म्हणजे दोन गाड्या आणि त्याची न थांबणारी जीभ. सगळ्यांच्या मागे मी.

मागच्या माणसाचं काम सोपं आहे. मागे कुणी राहता कामा नये, एवढंच. कुणाची चेन निघते, कुणाला दम लागतो, कुणाला उगाच मेंढ्यांकडे बघत उभं राहायचं असतं. आपण त्याच्यामागे उभं राहायचं. घाई करायची नाही, चिडायचं नाही आणि त्याला ओलांडून पुढे जायचं नाही, काही झालं तरी. बांधावर मेंढ्यांसाठी फाटकं लागतात, ती पुढचे सगळे उघडी टाकून जातात. शेवटच्याने लावायची. फाटक लागलं याचा अर्थ, मागे आता कुणी नाही.

आणि धुक्यातली घंटी. तू आतल्या गावचा, जन्मभर टपाल वाटलंस, तुला समुद्रावरचं धुकं काय ते माहीत नसेल. ते आलं की पुढच्या सायकलचं मागचं चाकही दिसत नाही. मग प्रेबेन एकदा घंटी वाजवतो, त्याच्यामागचा एकदा, असं करत करत घंटी मागे येते आणि शेवटचा दोनदा वाजवतो. दोन टोले ऐकू आले की पुढच्याला कळतं, सगळे आहेत, चला. प्रेबेनच्या बापापासून हीच रीत आहे.

माझ्याआधी मागे असायचा क्रेस्टेन. मी तेव्हा बॅगांची गाडी चालवायचे. बोलायला कमी, पण माणूस असा की त्याच्यापुढे सायकल चालवताना कुणालाही आपण हळू आहोत याची लाज वाटायची नाही. कातड्याच्या सीटला मेंढीची चरबी चोळायचा, त्यामुळे तो जवळ आला की आधी वास यायचा. त्याची घंटी जुनी, आतली स्प्रिंग सैल झालेली. वाजण्याआधी कॉफी दळल्यासारखी खर्रकन करायची आणि मग टिंग. आम्ही चिडवायचो, तो हसायचा, घंटी काही बदलायचा नाही.

नोरहोल्म बेटावरून परत येताना तो गेला. धुक्यात एक पाहुणा दिसेनासा झाला म्हणून क्रेस्टेन त्याला शोधत मागे राहिला आणि भरती आली. पाहुणा तोवर किनाऱ्यावर पोचलेलासुद्धा होता. दमला होता, बेटावरचा ट्रॅक्टर माणसं घेऊन येत होता, त्यात चढून बसला. सांगायची लाज वाटली म्हणून वेळेवर कुणाला सांगितलं नाही. धुक्यात ट्रॅक्टर सायकलवाल्यांच्या बाजूने वाळूतून निघून गेला, आत कोण बसलंय ते कुणाला दिसणार? कोळंबीवाल्यांना पुढे क्रेस्टेन सापडला. सायकल कधीच सापडली नाही. प्रेबेन त्या वेळी मोठ्या जहाजांवर होता. त्या पाहुण्याचं तोंड मी पाहिलं नव्हतं, फक्त त्याची बॅग खोलीपर्यंत नेली होती. पुढे मीच मागची झाले.

तर या सप्टेंबरची गोष्ट. हंगामाची शेवटची सहल, आणि मी थकले होते. नुसते पाय नव्हे रे. रोज नव्या माणसांच्या पाठी बघून थकले होते. या वेळचे पाहुणे बरे होते, बहुतेक तरणेच. ऑर्हूस शहरातल्या दोघी बहिणी होत्या, सगळ्याचे फोटो काढायच्या, ताटातल्या हेरिंग माशाचेसुद्धा. आणि एक म्हातारा, व्हिलाड्स. निवृत्त मास्तर, काटकुळा, कानावर आलेली लोकरीची टोपी. पहिल्या दिवसापासून बरोबर माझ्यापुढे. मागे वळून बघायची त्याला सवय होती. मी म्हणायचे, अरे मी आहे ना, बघू नकोस, पडशील. तो मान डोलवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा वळायचा.

नोरहोल्मच्या खाणावळीत दुपारचं जेवण झालं. व्हिलाड्सने कॉफीशिवाय काही घेतलं नाही. बाहेर ओहोटीने वाळू उघडी पडली होती आणि मधून तो खडीचा रस्ता गेलेला, दोन्ही कडांना झुडपांच्या फांद्यांच्या जुड्या रोवलेल्या. ओहोटीला रस्ता, भरतीला समुद्र. व्हिलाड्स खिडकीतून त्याच्याकडेच बघत होता.

"व्हिलाड्स, तुझ्या चालीने निघालो तर नाताळ वाळूतच करावा लागेल," प्रेबेन म्हणाला. "त्यापेक्षा ट्रॅक्टरने जा ना. सायकल मागे बांधतो. कुणी काही म्हणणार नाही."

म्हाताऱ्याने कप बशीत ठेवला. "ट्रॅक्टरने नाही," तो म्हणाला. "या वेळी नाही."

"अरे बाबा, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

"माझ्या भल्याचं तू सांगू नकोस. मी चालवत जाणार. चालवत नाही जमलं तर ढकलत जाणार."

प्रेबेनने माझ्याकडे बघून खांदे उडवले. म्हणजे, तुझं गिऱ्हाईक, तू सांभाळ. मला त्या 'या वेळी'चा अर्थ तेव्हाच लागायला हवा होता. पण गुडघा ठणकत होता आणि डोकं त्या दिवशी बंद होतं.

निघायला उशीर झाला. बहिणींना वाळूवर लोळणारे सील बघायचे होते, ते दिसले, मग त्यांचे फोटो. अर्धा रस्ता कापला आणि धुकं आलं. ऊन तसंच वर कुठेतरी होतं, धुक्याला त्याचा पिवळट रंग आला होता, पण खाली काही दिसेना. आधी पुढचे गेले, मग जुड्या, मग व्हिलाड्सची टोपी तेवढी उरली. वारा पडला. चिखलाचा आणि कुजक्या शेवाळाचा वास उठला. पुढून प्रेबेनची घंटी आली, मग एकेक करत बाकीच्यांच्या, मग व्हिलाड्सची. मी दोनदा वाजवली.

आणि माझ्यामागे घंटी वाजली.

खर्र... टिंग. खर्र... टिंग.

पायडल मारायची मी विसरले. सायकल डुगडुगली तसा पाय खाली टेकला. मागे खडीवर टायरचा आवाज येत होता, तोही थांबला. पुढे व्हिलाड्स थांबला होता. तो वळून बघत होता, पण माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून मागे.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"पाणपक्षी असेल. चल."

"पक्षी दोनदा घंटी वाजवत नाही, इंगे."

"चल म्हणते ना. पाणी फिरलंय."

पाणी खरंच फिरलं होतं. ओढ्यांमधून भरत येताना ते बारीक चुळचुळतं, तो आवाज या किनाऱ्यावर जन्मलेल्याला झोपेतही कळतो. आम्ही निघालो. मागचे टायरही निघाले. व्हिलाड्सला धाप लागली होती, चार पायडल मारायचा आणि थांबायचा. तो थांबला की मी थांबायचे, आणि मी थांबले की मागचं थांबायचं. जवळ येत नव्हतं, लांबही जात नव्हतं. पुन्हा पुढून घंट्या आल्या, आता दुरून. मी हात घंटीवर ठेवला, पण वाजवायचा धीर होईना. वाजवली तर उत्तर येईल, हीच भीती. मी वाजवली नाही, तरी मागून दोन टोले पडलेच.

मग तो वास आला. चरबी आणि ओलं कातडं.

मी भित्री नाही. पण त्या वेळी मला भीती वाटली, आणि तिच्यात आणखी काही मिसळलं होतं ते सांगितलं तर तू मला वेडी म्हणशील. मला बरं वाटलं. आपल्यामागेही कुणीतरी आहे, आज शेवटची मी नाही, असं क्षणभर वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. इतकी थकले होते मी.

व्हिलाड्स सायकलवरून उतरला. ती आडवी टाकली आणि खडीवरच बसला.

"उठ," मी म्हणाले.

"मागे माणूस आहे. त्याला सोडून जायचं नाही... नियम आहे ना तुमचा?"

"मागे कुणी नाही."

"मग माझ्याकडे बघून बोलतेस कशाला? मागे वळून सांग."

मी वळले नाही. मला वळता येईना.

"तो मला शोधतोय," व्हिलाड्स हळू आवाजात म्हणाला. "मी त्याला म्हटलं होतं, तू हो पुढे, मला लघवीला जायचंय. तो हसला, म्हणाला, मी कधी पुढे होत नाही, थांबतो तिकडे तोंड करून. धुकं होतं. मी जरा लांब गेलो आणि ट्रॅक्टर आला... पाय भरून आले होते गं. वाटलं, पलीकडे गेल्यावर सांगू. मग पलीकडे सगळे घाबरून उभे होते आणि मला तोंडच उघडेना. सांगितलं तेव्हा रस्त्यावर पाणी होतं."

इतकी वर्षं त्या माणसाला मनात शिव्या घातल्या होत्या. आणि तो समोर बसला होता, नाक गळत होतं, मोजे ओले, रुमाल सापडत नव्हता. शिवी आठवेना. मी माझा रुमाल दिला.

"म्हणून आलास?"

"मला आता फार दिवस नाहीत. हृदय गेलंय. डॉक्टर म्हणाला, घरात बस. म्हटलं, बसू, पण आधी तो रस्ता पुरा करू. मी सापडल्याशिवाय तो सुटायचा नाही." त्याने धुक्याकडे हात केला. "आता आलाय. मी इथे थांबतो. त्याला बघू दे मला. तू जा."

खडीवर पाण्याची पातळ साय आली होती. व्हिलाड्सच्या मांडीखालून ती शांतपणे पुढे गेली. मागे घंटी वाजली, दोनदा. मी त्याला दंडाला धरून ओढलं, पण बसलेला म्हातारा माणूस किती जड असतो ते उचलल्याशिवाय कळत नाही. एक वेळ मनात आलं, आपणही बसावं. कुणाला घाई आहे?

मग मला क्रेस्टेन आठवला. भूत नव्हे, माणूस. एकदा वारा समोरून होता आणि एक जाडी बाई रडत बसली होती, तिच्यामागे हा सायकल धरून तासभर उभा होता. नुसता उभा. तिला ओलांडायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"व्हिलाड्स, ऐक," मी म्हणाले. "तो तुझ्यापर्यंत येणार नाही. तू थांबलास तर तोही थांबेल. शेवटचा माणूस पुढे जात नाही, तुला स्वतःच म्हणाला होता ना? तू इथे बुडशील आणि तो मागे उभा राहील, पुन्हा. त्याला आणायचं असेल तर तू चल. तू पुढे गेलास तरच तो पुढे येईल."

त्याने माझ्याकडे बघितलं. मास्तर होता, मुद्दा पटायला त्याला वेळ लागला नाही. म्हणाला, "हात दे."

सायकली आम्ही ढकलतच नेल्या. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग चाकाच्या आऱ्यांत खळखळायला लागलं. जुड्या मी हाताने चाचपत होते. तो माझ्यापुढे, मी त्याच्यामागे, आणि माझ्यामागे पाण्यातून चालत येणारे पाय. व्हिलाड्स दमून थांबला की ते थांबायचे. एकदाही पुढे सरकले नाहीत. मी मनात म्हणत होते, चल बाबा, चल, आणि कुणाला म्हणत होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

बांधाचं गवत पायाला लागलं तेव्हा व्हिलाड्सने सायकल सोडून दिली आणि हातापायांवर वर चढला. वर फाटक होतं. तो आत गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. धाप खाली बसल्यावर धुक्याकडे तोंड करून म्हणाला, "क्रेस्टेन, मी आलो. चालवत आलो. आता तूही ये."

मी माझी सायकल आत घेतली आणि सवयीने हात फाटकाकडे गेला. कडी हातात आली. तेव्हा कळलं मी काय करतेय ते. शेवटच्याने लावायचं. पण शेवटची मी नव्हते. मी लावलं असतं तर याचा अर्थ, मागे कुणी नाही.

मी कडी सोडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फाटक उघडं टाकलं, व्हिलाड्सच्या कंबरेला हात घातला आणि दोघं बांधावरून उतरायला लागलो. मागे वळले नाही. थोडं खाली आल्यावर बिजागर करकरलं आणि कडी पडल्याचा आवाज आला. व्हिलाड्स रडायला लागला. मीही रडले, सांगायला लाज कसली.

किनाऱ्यावरच्या खाणावळीत बहिणींनी आम्हाला ओले बघून ओरडाआरडा केला. प्रेबेन मात्र चिडला. "घोट्यापर्यंत पाण्यातून? मग सांगायचं नाही होय? मी माणसं घेऊन मागे आलो असतो."

"तुला काही वाटलं नाही? आम्ही मागे पडलो ते?"

"कसं वाटणार?" तो म्हणाला. "तुझी घंटी येत होती ना व्यवस्थित. दर वेळी दोन टोले, अगदी बहिणींच्या पाठोपाठ. मी म्हटलं, आहेत सगळे. बाकी ती घंटी बदल बाई आता. काय खरखरते."

मी पहिल्या वेळेनंतर घंटीला हात लावला नव्हता. आणि माझी घंटी नवी आहे, वसंतातच बसवली.

व्हिलाड्स दुसऱ्या दिवशी गाडीने घरी गेला. ऑक्टोबरात त्याचा फोन आला. म्हणाला, आता झोप लागते, रात्रभर लागते. मग विचारलं, "आणि तुला?" मी म्हटलं, गुडघा दुखतो, बाकी ठीक. पुढल्याच आठवड्यात तो गेला. झोपेतच गेला, असं त्याची मुलगी म्हणाली.

तो सुटला. पण फाटक उघडं टाकून मी ज्याला आत घेतलं, त्याने कुठे जायचं याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. त्याला एकच काम येतं. जो शेवटचा असेल त्याच्यामागे राहायचं. व्हिलाड्स गाडीत बसून गेला, आणि मागे राहिले मी.

सामान घेऊन घरी येते, हात भरलेले, दार तसंच टाकून आत शिरते. मागे कडी पडते. जिन्यात गुडघा अडला की मी थांबते, आणि खालच्या पायरीवर पाऊल थांबतं. त्रास काही देत नाही. घाई करत नाही, तशी त्याने कधीच कुणाला केली नाही. पण आपल्यासाठी कुणीतरी सतत थांबून आहे, हे ओझं फार जड असतं रे. बसलं की वाटतं, उठावं, त्याचा खोळंबा होतोय. मी प्रेबेनला सांगून टाकलं, माझ्याच्याने होत नाही, दुसरा माणूस बघ. कशाने होत नाही ते सांगितलं नाही. गुडघ्याचं कारण पुरलं.

तू हसतोस. हस. मलाही दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसलेच असते. मघाशी तू आत येता येता म्हणालास ना, प्रेबेनने कालच काम पक्कं केलं, तुझ्याकडे नुसता शिकायला आलोय? तेव्हा मी काही बोलले नाही. बोलणार होते, पण एक गोष्ट जाणवली आणि गप्प बसले. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा पाठ हलकी वाटली. अजून वाटतेय. मागे काही नाही. नुसती भिंत आहे.

वाईट वाटतं मला, एस्बेन. खरंच वाटतं. पण बरंही वाटतं, खोटं कशाला बोलू?

तू दारावर पायाने ठोकलंस आणि मी इथूनच ओरडले, ये, उघडंच आहे. खुर्चीतून उठले नाही, गुडघ्याखाली उशी होती. तुझ्या दोन्ही हातांत केकचं खोकं होतं, ते तू थेट या मेजावर आणून ठेवलंस आणि बसलास. दार लावायला परत गेला नाहीस.

आता वळून दाराकडे बघ. कडी लावलेली आहे.